शंभराचे दोनशे कसे झाले?

सूर्याकडून पृथ्वीला मिळणाऱ्या उष्णतेचा नुसता हिशेब केला, तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली १८ अंश सेल्सियस यायला हवे. प्रत्यक्षात ते शून्याच्या वर सुमारे १५ अंश आहे. हे वरचे ३३ अंश आले कुठून?

हवेमुळे. पण सगळ्या हवेमुळे नाही बरं का! कोरड्या हवेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून ९९ टक्के असतात, त्यांचा ह्या कामी उपयोग नाही. काम करतात ते पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड असे थोडेसे वायू. ऊन त्यांच्यातून बरेचसे सरळ खाली येते. जमीन तापते आणि डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण वर सोडते. ते मात्र हे वायू शोषून घेतात.

हे समजायला सोपे जावे म्हणून शास्त्रज्ञ सगळ्या हवेचा एकच थर मानतात. मी पाटीवर मांडलेला हिशेब असा. जमिनीला उन्हाचे १०० भाग मिळाले. जमिनीने सोडलेली सगळी उष्णता थराने शोषली, तो तापला आणि निम्मी वर, निम्मी खाली सोडू लागला. आता १०० आले तर आकाशात १०० परत गेलेच पाहिजेत, नाहीतर पृथ्वी तापतच जाईल. म्हणजे थर वर १०० सोडतो. मग खालीही १००! जमिनीला एकूण मिळाले २००.

आमचे आजोबा म्हणाले, "सूर्यानं शंभर दिले नि दोनशे झाले? ही कुठली सावकारी?"

शंका रास्त आहे. पण ओढ्याला बांध घातला की काय होतं? पाणी आधी साठतं, मग बांधावरून वाहू लागतं. येतं तेवढंच जातं, पण पातळी चढलेली असते. उष्णतेचंही तसंच.

एका थराच्या हिशेबाने तापमान ३० अंश येते, दोन थरांच्या हिशेबाने ६२. खरे आहे १५, कारण खरा थर फाटक्या गोधडीसारखा आहे. काही उष्णता भोकांतून निसटते. शिवाय तापलेली हवा आणि वाफ उष्णता वर घेऊन जातात, ते ह्या सोप्या हिशेबात धरलेलेच नाही. हिवाळ्यात आभाळ आलं की त्या रात्री थंडी कमी वाजते, तेव्हा ढग ही भोकं बुजवत असतात.

पण ढग सकाळी निघून जातात. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून होणारा कार्बन डायऑक्साइड तसा जात नाही. हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर १९५८ पासून तो मोजतात. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. २०२४ साली ४२० च्या वर गेला होता.