चाळिशीतला बॅटर आणि बाकावरच्या तीन जागा

6 मे 2021 रोजी लॉस एंजेलिस एंजल्स या संघाने आल्बर्ट पुहोल्सला आपल्या यादीतून बाजूला केलं. त्याचं वय 41, नावावर 667 होम रन, तीन वेळा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू. त्या मोसमात मात्र त्याची सरासरी .198 होती, म्हणजे दहा वेळा बॅट हाती घेऊन दोन हिटही धड मिळत नव्हते. ‘संघाने हाकललं’, ‘कारकीर्द संपली’, ‘आता तरी निवृत्त व्हावं’ अशी वाक्यं तेव्हा सगळीकडून ऐकू आली. अमेरिकेत मुला-नातवंडांकडे राहताना बेसबॉल पाहू लागलेली आपली माणसंही अशा बातमीचा असाच अर्थ लावतात. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. त्यात खेळाडूवर अन्याय होतोच, शिवाय खेळ चालतो कसा हेही कळायचं राहून जातं.

पहिला गैरसमज पैशांचा आहे. आपल्याला आयपीएलची सवय. तिथे संघाने खेळाडूला मोकळं केलं की जुना करार संपतो आणि लिलावात पुन्हा बोली लागते. मेजर लीग बेसबॉलमधले मोठे करार हमीचे असतात. पुहोल्सने एंजल्सशी दहा वर्षांसाठी 24 कोटी डॉलरचा करार केला होता आणि 2021 हे त्याचं शेवटचं वर्ष होतं. संघाने त्याला घरी बसवलं तरी उरलेला पगार देणं बंधनकारकच होतं. बातमीत ‘डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट’ असा जो शब्दप्रयोग येतो, त्याचा अर्थ बडतर्फी नव्हे. खेळाडूला 40 जणांच्या यादीतून तात्काळ काढलं जातं आणि पुढच्या सात दिवसांत संघाला निर्णय घ्यावा लागतो: त्याची दुसऱ्या संघाशी अदलाबदल करायची, इतर संघांना त्याच्यावर हक्क सांगायची संधी द्यायची, की मोकळं करायचं. मोकळा झालेला खेळाडू दुसऱ्या संघात गेला तर त्या संघाला फक्त किमान पगाराचा हिस्सा द्यावा लागतो, बाकीचा भार जुन्याच संघावर राहतो. म्हणून असा नामवंत खेळाडू बाजारात आला की तो नव्या संघाला अतिशय स्वस्त पडतो. पुहोल्सला त्याच महिन्यात लॉस एंजेलिस डॉजर्सने घेतलं.

याच्याच जोडीचा दुसरा गैरसमज: ‘एवढे पैसे मोजलेत, म्हणजे खेळवावंच लागणार.’ पूर्वी हे काही प्रमाणात खरं होतं. आता संघांच्या कचेऱ्यांमधला हिशेब असा असतो की पैसे खेळवलं तरी जाणार आणि बसवलं तरी जाणार, त्यामुळे प्रश्न उरतो तो फक्त जागेचा. जागा किती थोड्या असतात, ते पाहण्यासारखं आहे. रोजच्या सामन्यासाठी 26 जणांची यादी असते आणि त्यात जास्तीत जास्त 13 पिचर ठेवता येतात. पिचरांची गरज इतकी की बहुतेक संघ 13 ठेवतातच. उरले 13. त्यांपैकी नऊ जण बॅटिंगच्या क्रमात, चार बाकावर. त्या चारांतला एक राखीव कॅचर, कारण कॅचर जखमी झाला तर ते काम दुसऱ्या कुणाला सहज जमत नाही. म्हणजे खऱ्या अर्थाने जागा तीन. त्यातही एकाला तीन-चार ठिकाणी फिल्डिंग करता आली पाहिजे आणि एकाला वेगाने धावता आलं पाहिजे. जो फक्त पहिला बेस सांभाळतो आणि बॅटिंग करतो, त्याच्यासाठी काय उरतं? 2021 मध्ये एंजल्सकडे पहिल्या बेसवर तरुण जॅरेड वॉल्श होता आणि फिल्डिंग न करता केवळ बॅटिंग करणाऱ्याच्या, डेझिग्नेटेड हिटरच्या, जागेवर शोहेई ओहतानी. पुहोल्स किती थोर होता, हा मुद्दाच तिथे नव्हता.

आता सर्वांत पसरलेला समज: बाकावर गेला म्हणजे संपला.

2022 मध्ये पुहोल्स सेंट लुईस कार्डिनल्सकडे परतला. याच संघातून 2001 मध्ये त्याने सुरुवात केली होती, याच संघासाठी 2006 आणि 2011 ची वर्ल्ड सिरीज जिंकली होती. करार एका वर्षाचा, 25 लाख डॉलरचा. रोज खेळवण्याचं आश्वासन नाही. मुख्य काम डावखुऱ्या पिचरांसमोर उभं राहण्याचं. पुहोल्स उजवा बॅटर. उजव्या पिचरचा वळणारा चेंडू उजव्या बॅटरपासून लांब जातो, डावखुऱ्याचा आत येतो आणि हातातून सुटताना नीट दिसतो. क्रिकेट पाहणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. मोसमाच्या पूर्वार्धात त्याला सहाच होम रन मारता आले, सरासरी .215. त्याला घेणं म्हणजे जुन्या आठवणींचा खेळ, असं म्हणणाऱ्यांना बळ मिळालं. उत्तरार्धात त्याने 18 होम रन मारले. 23 सप्टेंबरला डॉजर्सच्याच मैदानावर, एकाच सामन्यात 699 वा आणि 700 वा. मोसमअखेर 109 सामने, 24 होम रन, सरासरी .270 आणि कारकिर्दीचा आकडा 703. कार्डिनल्सने त्यांचा गट जिंकला.

या यशाचं श्रेय लोक जिद्दीला देतात. जिद्द होतीच. पण कमी भूमिका हीच इथे मदतीला आली, हे माझं ठाम मत आहे. 42 व्या वर्षी 162 सामन्यांचा रेटा शरीर सोसत नाही. विश्रांती मिळाली आणि अनुकूल पिचर निवडून मिळाले तर तेच शरीर पुरतं. ज्याला आपण पदावनती म्हणतो, ती कित्येकदा अधिक नेमकी योजना असते.

‘वय झालं की पाय थकतात’ हेही अर्धंच खरं. पाय थकतात, पण बॅटर मागे पडतो तो क्षणांच्या हिशेबात. ताशी 95 मैलांनी, म्हणजे सुमारे 153 किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू बॅटरपर्यंत साधारण 0.4 सेकंदात पोहोचतो. मारायचं की सोडायचं हे त्याच्या निम्म्या वेळात ठरवावं लागतं. शिवाय समोरचे पिचर दरवर्षी वेगवान होत चाललेत: 2008 च्या सुमारास फास्टबॉलचा सरासरी वेग 92 मैलांच्या आसपास होता, आता तो 94 च्या पुढे गेला आहे. म्हणजे वय जागेवर थांबलं असतं तरी काम कठीणच झालं असतं. याउलट कोणता चेंडू सोडायचा ही समज सर्वांत उशिरा जाते. ज्येष्ठ बॅटर ऐन सामन्यात एखाद्याच डावाला उपयोगी पडतो, तो त्या समजेच्या जोरावर.

काही भूमिका वयामुळे गेल्याच नाहीत, त्या नियमांनी पुसल्या. जेसी ओरोस्को हा डावखुरा पिचर 2003 पर्यंत, वयाच्या 46 व्या वर्षापर्यंत टिकला आणि 1252 सामन्यांत उतरला. हा विक्रम आहे. उतारवयात त्याच्यासारख्यांचं काम असायचं सामन्याच्या शेवटी येऊन एखाद्या डावखुऱ्या बॅटरला बाद करून परत जाण्याचं. 2020 पासून नियम आला की पिचरने किमान तीन बॅटर खेळले पाहिजेत किंवा डावातली ती पाळी संपवली पाहिजे. ती नोकरी जवळजवळ बंद झाली. दुसरं उदाहरण इचिरो सुझुकीचं. 2017 मध्ये, 43 व्या वर्षी, मायामी मार्लिन्सच्या बाकावरून उठून दुसऱ्याऐवजी बॅटिंगला येत त्याने 27 हिट मिळवले. एका मोसमातल्या विक्रमापेक्षा हा आकडा फक्त एकाने कमी होता. मेजर लीगच्या दोन लीगपैकी नॅशनल लीगमध्ये तेव्हा पिचरलाही बॅट घ्यावी लागे, म्हणून त्याच्या जागी येणाऱ्याला रोज काम असे. 2022 पासून दोन्ही लीगमध्ये डेझिग्नेटेड हिटर आला. त्या बदलाने पुहोल्ससारख्याला जागा मिळवून दिली आणि इचिरोने 2017 मध्ये केलेलं काम मात्र आक्रसलं.

‘मॅनेजरने डूख धरला’ हा समज चाहत्यांना फार प्रिय असतो. 14 मे 2011 च्या संध्याकाळी न्यूयॉर्क यांकीजच्या बॅटिंगच्या क्रमात होर्हे पोसादाचं नाव शेवटच्या, नवव्या क्रमांकावर होतं. समोर बोस्टन रेड सॉक्स, यांकीजचे जुने प्रतिस्पर्धी. वर्षानुवर्षं संघाचा कॅचर असलेला पोसादा 39 वर्षांचा होता, त्याचं कॅचरचं काम रसेल मार्टिनकडे गेलं होतं आणि सरासरी .165 वर होती. अपमान वाटून त्याने त्या सामन्यातून स्वतःचं नाव काढून घ्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी माफी मागितली. मॅनेजर होता जो जिरार्डी. आता मागे वळून पाहा: नव्वदच्या दशकात जिरार्डी हाच यांकीजचा कॅचर होता आणि त्याची जागा हळूहळू ज्या तरुणाने घेतली, तो पोसादा. पोसादा ज्यातून जात होता, ते जिरार्डीने स्वतः भोगलं होतं. अशा माणसाने मजेखातर मित्राला नवव्या क्रमांकावर ढकललं असेल, हे मला पटत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोसादाला बसवलं गेलं, सप्टेंबरमध्ये बाकावरून येऊन त्याने गटविजेतेपद निश्चित करणारा हिट मारला आणि डेट्रॉइटविरुद्धच्या बाद फेरीत .429 च्या सरासरीने खेळला. पुढच्या जानेवारीत तो निवृत्त झाला. 2015 मध्ये यांकीजने त्याचा 20 क्रमांक कायमचा राखून ठेवला.

ज्येष्ठ खेळाडू म्हणजे संघाच्या हातातलं प्यादं, हे एकेकाळी खरं होतं. ऑक्टोबर 1969 मध्ये सेंट लुईसने कर्ट फ्लडला, 12 मोसमांनंतर, फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. त्याने जायला नकार दिला, 1970 चा अख्खा मोसम गमावला आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. 1972 मध्ये तो 5 विरुद्ध 3 मतांनी हरला. पण वारं फिरलं होतं. 1973 च्या करारात नियम आला: मेजर लीगमध्ये दहा वर्षं आणि सध्याच्या संघात सलग पाच वर्षं झालेल्या खेळाडूची अदलाबदल त्याच्या संमतीशिवाय होणार नाही. शिकागो कब्जच्या रॉन सँटोने त्याच वर्षी हा हक्क वापरून कॅलिफोर्नियाला जाणं नाकारलं. पाच वर्षांची सेवा असलेला खेळाडू आज मायनर लीगमध्ये पाठवणी नाकारू शकतो आणि तरीही त्याचा पगार बुडत नाही. फ्लडला स्वतःला यातलं काहीच मिळालं नाही. त्याचं नाव प्रत्येक ज्येष्ठ खेळाडूला ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

‘म्हातारे झाले तरी भरमसाट घेतात’ अशी तक्रार करणाऱ्यांनी करारांची रचना पाहावी. खेळाडूला स्वतःची किंमत बाजारात ठरवता येते ती सहा वर्षांच्या सेवेनंतर, म्हणजे बहुधा तिशीच्या आसपास. 2001 च्या पहिल्या मोसमात पुहोल्सने 37 होम रन मारले, सरासरी .329. पगार होता तेव्हाचा किमान, दोन लाख डॉलर. उमेदीची वर्षं स्वस्तात आणि मोबदला नंतर, असा हा व्यवहार आहे. नंतरच्या मोबदल्याकडे बोट दाखवताना आधीची स्वस्ताई विसरणं अप्रामाणिक आहे.

राहिला ‘मार्गदर्शक म्हणून ठेवलाय’ हा शिक्का. 26 जागांत कुणाला प्रेमाखातर कुणी ठेवत नाही. मिगेल रोहास 2025 मध्ये 36 वर्षांचा, डॉजर्सचा राखीव इनफिल्डर. नव्याने आलेल्या रोकी सासाकीला त्याने आपला 11 क्रमांक दिला आणि स्वतः 72 घेतला. त्याची बातमी ‘दिलदार ज्येष्ठ’ अशी झाली. मग वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या आणि सातव्या सामन्यात त्याला सुरुवातीपासून खेळवलं. सातव्यात, 1 नोव्हेंबरला टोरांटोत, डॉजर्स 3-4 असे मागे, नववी इनिंग, एक बाद. रोहासने होम रन मारून बरोबरी केली. त्याच इनिंगच्या उत्तरार्धात तिन्ही बेस भरलेले असताना तोल जात असूनही चेंडू अडवून त्याने होम प्लेटकडे फेकला आणि टोरांटोची विजयी धाव रोखली. डॉजर्स 11 इनिंगमध्ये 5-4 ने जिंकले. ती फेक जमली ती दिलदारीमुळे नव्हे, बाकावर बसूनही त्याने फिल्डिंगचा सराव सोडला नव्हता म्हणून.

ज्यांची नावं मथळ्यात येत नाहीत त्यांचं भवितव्य मात्र खरोखर अधांतरी असतं. हिवाळा सरत येतो, हमीचा करार मिळत नाही, मग फेब्रुवारीत ते ॲरिझोना किंवा फ्लोरिडातल्या सराव शिबिरात मायनर लीगच्या करारावर, केवळ आमंत्रण घेऊन हजर होतात. यादीत जागा मिळाली तर मेजर लीगचा पगार, नाही तर मायनर लीग. अशा अनेक करारांत खेळाडूला ठरावीक तारखांना बाहेर पडण्याची मुभा असते: तोवर मुख्य संघात घेतलं नाही तर तो दुसरीकडे जाऊ शकतो. तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या आवडत्या ज्येष्ठ खेळाडूबद्दल अशी बातमी वाचाल, तेव्हा त्याच्या गेल्या मोसमाच्या सरासरीआधी तीन गोष्टी बघा. त्या संघाच्या बाकावर सध्या कोण आहे, हा खेळाडू डावा की उजवा, आणि त्याची बाहेर पडण्याची तारीख कोणती.