एका सिस्टरमागे किती?

सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत १०,००० थेंब असतात. नेहमीच्या सेटवर छापलेलंच असतं, २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर. डॉक्टर केसपेपरवर 'एक लिटर, आठ तासांत' असं लिहून पुढे जातात. त्याचे मिनिटाला ४२ थेंब होतात, हा हिशोब सिस्टरने करायचा, तोही तोंडी. मग ती मनगटावरचं घड्याळ थेंब पडतात त्या नळकांड्याशेजारी धरते, पंधरा सेकंद मोजते, दहा-अकरा पडले की नळीवरचा रोलर सोडून पुढच्या खाटेकडे वळते. ती वळल्यावर पेशंट हात दुमडतो, नाहीतर नातेवाईक उशी सरळ करतात, आणि ४२ चे २५ होतात. की पुन्हा रोलर, पुन्हा घड्याळ.

४० खाटांचा मेडिकल वॉर्ड धरू. निम्म्या पेशंटना सलाईन चालू आहे आणि प्रत्येकाला दिवसाला दोन लिटर जातंय. म्हणजे २० माणसं, ४० लिटर, ८ लाख थेंब. एका वॉर्डात, एका दिवसात. आणि थेंब हा या नोकरीतला सगळ्यात सोपा भाग आहे.

दर चार तासांनी ताप, नाडी, श्वास, रक्तदाब आणि ऑक्सिजन. पाच आकडे, दिवसातून सहा वेळा, ४० पेशंट, म्हणजे १,२०० नोंदी. वर्षाला ४ लाख ३८ हजार. बहुतेक नोंदींत नवं काही नसतं. पण कुठली नोंद नवी निघेल हे आधी कळायची सोय नाही, म्हणून सगळ्या घ्याव्या लागतात. या नोंदींचा टीपीआर चार्ट चाळणाऱ्याला एक गंमत दिसते: पुष्कळ वॉर्डांत झाडून सगळ्यांचा श्वास मिनिटाला १८ नाहीतर २० असतो. यावर डॉक्टर कधीकधी टोमणा मारतात. टोमणा मारण्याआधी गुणाकार करून बघावा. श्वास नीट मोजायचा तर पूर्ण मिनिट पेशंटच्या छातीकडे बघत उभं राहावं लागतं. ४० पेशंट, ४० मिनिटं, आणि अशा सहा फेऱ्या. नुसता श्वास मोजण्यात चोवीस तासांतले चार तास गेले.

आता यात हात धरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे अल्कोहोलचं द्रावण हाताला चोळायला २० ते ३० सेकंद, साबणाने धुवायचे तर ४० ते ६० सेकंद. पेशंटला हात लावण्याआधी एकदा आणि लावल्यावर एकदा, असं धरलं तर ४० जणांच्या एका फेरीत ८० वेळा. तीस सेकंदांनी पुन्हा ४० मिनिटं. म्हणजे एकाच फेरीत श्वास मोजून आणि हात स्वच्छ करून ड्यूटीच्या ४८० मिनिटांतली ८० संपली, आणि अजून एकही इंजेक्शन दिलेलं नाही, कुणाचं ड्रेसिंग नाही, कुणाच्या मुलाला 'बाबांचा रिपोर्ट आला का' याचं उत्तर दिलेलं नाही. लिहिणं तर बाकीच आहे. अमेरिकेतल्या ३६ रुग्णालयांत ७६७ परिचारिकांचा वेळ मोजणारा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या वेळेतला एक तृतीयांशाहून अधिक भाग नोंदी लिहिण्यात जात होता, आणि एका ड्यूटीत त्या दीड ते आठ किलोमीटर चालत होत्या. आपल्याकडे ब्लड बँकेत मामांना, म्हणजे वॉर्डबॉयना, पाठवायचं तर आधी मामा सापडावे लागतात, तेव्हा आपला आकडा कुठल्या टोकाला असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

मोठ्या आकड्यांचं एक बरं असतं, ते दिसतात तरी. या कामातले धोक्याचे आकडे बारीक असतात. मोठ्या माणसाला अँटिबायोटिकचं इंजेक्शन १ ग्रॅमचं. एक किलो वजनाच्या नवजात बाळाचं हृदय थांबत आलं असेल तर ॲड्रिनलिन शिरेतून १० मायक्रोग्रॅम. दोन्हींत एक लाख पटींचा फरक आहे आणि दोन्ही औषधं एकाच नर्सिंग कोर्सला शिकलेले हात भरतात. ॲड्रिनलिनच्या अँप्यूलमध्ये १ मिलिग्रॅम असतं, म्हणजे बाळाला लागणारा डोस त्याचा शंभरावा भाग. अँप्यूल फोडायची, त्यात ९ मिलिलिटर सलाईन मिसळायचं, त्यातलं ०.१ मिलिलिटर ओढायचं. हे सगळं बाळ निळं पडत असताना, शेजारी कोणीतरी मोठ्याने सेकंद मोजत असताना.

इन्सुलिन त्याहून फसवं. भारतात ते दोन ताकदींचं मिळतं, मिलिलिटरला ४० युनिटचं आणि १०० युनिटचं. सिरिंजाही दोन, लाल टोपीची ४० साठी आणि केशरी टोपीची १०० साठी. १०० चं इन्सुलिन चुकून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरलं तर पेशंटला जातात २५ युनिट. रात्री अडीच वाजता, ट्रॉलीवरच्या उजेडात, लाल आणि केशरी हे काही लांबलांबचे रंग नव्हेत. पोटॅशियम क्लोराईडची दहा मिलिलिटरची अँप्यूल आणि डिस्टिल्ड वॉटरची अँप्यूल, दोन्ही पाण्यासारख्या स्वच्छ. पहिली पातळ न करता थेट शिरेत गेली तर हृदय थांबतं. म्हणून शहाण्या वॉर्डात ती वेगळ्या कप्प्यात, कुलपात असते.

त्या एक किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं ८० ते ९० मिलिलिटर. चहाचा एक कपसुद्धा भरणार नाही. तपासणीसाठी १ मिलिलिटर रक्त काढलं तर मोठ्या माणसाचं ४५-५० मिलिलिटर काढल्यासारखं होतं. म्हणून नवजातांच्या अतिदक्षता विभागात किती रक्त काढलं याचीसुद्धा नोंद ठेवतात. लघवी मोजायला तिथे भांडं चालत नाही. कोरडा डायपर आधी वजन करून ठेवायचा, ओला झाल्यावर पुन्हा काट्यावर टाकायचा आणि एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर धरून फरक लिहायचा. तीन ग्रॅम, पाच ग्रॅम. या आकड्यांवर बाळाची मूत्रपिंडं चालतायत की नाही ते ठरतं.

याच बारकाव्याने एकदा एका राज्याचा हिशोब उलटा करून दाखवला. कोव्हिशील्ड लसीच्या कुपीत ५ मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरचे दहा डोस. सांडलवंड धरून कंपनी कुपीत किंचित जास्त भरते. हवेचा बुडबुडा राहू न देता, सुई बरोबर खोलीवर ठेवून प्रत्येक डोस काटेकोर ओढला तर तळाशी अकरावा डोस उरतो. २०२१ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला केरळने जाहीर केलं की केंद्राकडून ७३,३८,८०६ डोस आले आणि राज्याने दिले ७४,२६,१६४. आलेल्यापेक्षा ८७,३५८ जास्त. बाकी ठिकाणी लस वाया किती गेली याची टक्केवारी चालली होती, आणि इथे उणे वाया गेलेली. मुख्यमंत्र्यांनी श्रेय नाव घेऊन परिचारिकांना दिलं, आणि ते योग्यच होतं. ८७ हजार डोस हा कुठल्याही धोरणाचा नव्हे, अंगठ्याच्या दाबाचा परिणाम होता.

त्याच वर्षी १७ सप्टेंबरला देशात एका दिवसात अडीच कोटी डोस दिले गेले. दिवसाचे बारा तास काम धरलं तर सेकंदाला ५७९ टोचण्या. बातम्यांत कौतुक आकड्याचं झालं. टोचणाऱ्यांतल्या कितीतरी जणी उपकेंद्रातल्या एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका होत्या, ज्यांच्याकडे नियमाप्रमाणे सपाटीवर ५,००० आणि आदिवासी-डोंगरी भागात ३,००० लोकसंख्या असते, आणि त्या लोकसंख्येतली गरोदर बाई, बाळाचं लसीकरण, मलेरियाची स्लाईड हे सगळं त्या दिवशीही थांबलेलं नव्हतं.

एकाच खाटेवर होणारा गुणाकार बघायचा तर मुंबईच्या केईएममध्ये जावं लागतं. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाला. १८ मे २०१५ ला त्यांचं निधन झालं. मधले १५,१४७ दिवस त्या अंथरुणाला खिळून होत्या. दिवसाला तीन ड्यूट्या धरल्या तर ४५,००० हून जास्त वेळा एका सिस्टरने दुसरीला त्यांचा चार्ज दिला. पहिल्या वर्षी ज्यांनी चार्ज घेतला त्या निवृत्त झाल्या, आणि त्यांच्यानंतर आलेल्यांपैकी कितीतरी जणी १९७३ साली जन्मलेल्याही नव्हत्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची असा नियम. नाही बदलली तर कमरेवर, टाचांवर जखमा व्हायला फार दिवस लागत नाहीत. मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवर निकाल दिला, तेव्हा इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोर झाला नाही ही गोष्ट न्यायालयासमोर आली होती. वर सांगितलेले सगळे आकडे एका बाजूला आणि हे शून्य एका बाजूला, असं मला वाटतं.

परिचर्येत आकडे आणले ते फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी. हातात दिवा घेतलेली बाई म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण १८५८ साली लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने पहिली स्त्री सदस्य म्हणून निवडलं ते तक्त्यांसाठी. त्या काम करत होत्या त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल झालेल्यांपैकी सुमारे ४२ टक्के मरत होते, जूनपर्यंत ते प्रमाण २ टक्क्यांवर आलं. मधल्या काळात गटारं साफ झाली होती, हवा खेळती झाली होती. सैनिक जखमांनी कमी आणि घाणीने जास्त मरतात हे त्यांनी रंगीत आकृती काढून सरकारच्या डोळ्यांसमोर धरलं.

त्याच वळणाचा हिशोब संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली मांडला. पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालयं, १०,१८४ परिचारिका, शस्त्रक्रिया झालेले २,३२,३४२ पेशंट. निष्कर्ष असा की एका परिचारिकेमागे एक पेशंट वाढला की पेशंट तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. चाराच्या जागी आठ पेशंट असले तर ३१ टक्क्यांनी. पुढे युरोपातल्या नऊ देशांतही ७ टक्केच निघाले. कॅलिफोर्नियाने त्याआधीच, १९९९ साली कायदा केला होता. तिथे साध्या वॉर्डात एका परिचारिकेकडे पाचांहून जास्त पेशंट देता येत नाहीत, आणि हे दर क्षणाला लागू. ती जेवायला गेली तर तिचे पाच पेशंट शेजारणीच्या पाचांत मिसळायचे नाहीत, तिच्या जागी माणूस द्यायचा.

आपल्याकडेही पाचाचा आकडा आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत अध्यापन रुग्णालयाच्या वॉर्डात ३ खाटांमागे १ परिचारिका आणि इतर रुग्णालयांत ५ मागे १. ऐकायला कॅलिफोर्नियाच. पण हा आकडा मस्टरवरचा आहे, ड्यूटीवरचा नव्हे. आठवड्याचे तास १६८. एक सिस्टर आठ तासांच्या सहा ड्यूट्या करते, म्हणजे ४८ तास. वॉर्डात सतत एक सिस्टर उभी दिसायची तर मस्टरवर साडेतीन लागतात. रजा, आजारपण, बाळंतपण यांसाठी निकषांतच ३० टक्के जादा धरायला सांगितलंय, ते मिळवले की साडेचार. वीस खाटांच्या अतिदक्षता विभागात खाटेमागे एक सिस्टर कायम हवी असेल तर नव्वद नेमणुका. हा आकडा प्रशासनाच्या बैठकीत मोठ्याने म्हणून बघावा, टेबलाभोवतीच्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

जगात परिचारिकांची संख्या २ कोटी ९८ लाख आहे आणि तुटवडा ५८ लाखांचा, असं जागतिक आरोग्य संघटनेचा २०२५ चा अहवाल सांगतो. त्यातल्या ७८ टक्के परिचारिका जगाच्या ४९ टक्के लोकसंख्येच्या देशांत आहेत. भारतात २०२२ मध्ये नोंदणी झालेल्या ३३ लाखांहून जास्त होत्या, तरी हजार लोकांमागे जेमतेम दोन. तीन असाव्यात असं म्हणतात. नोंदणी झालेल्यांपैकी कोण आखाती देशात आहे, कोण ब्रिटनमध्ये, कोणी लग्नानंतर नोकरी सोडली, ते रजिस्टर सांगत नाही.

आता आपला ४० खाटांचा वॉर्ड पुन्हा घ्या आणि ५ मागे १ हा निकष अगदी प्रामाणिकपणे पाळा. मस्टरवर आठ सिस्टर, रजेची माणसं वेगळी, सगळी पदं भरलेली. आठाला साडेतीनने भागलं की एका वेळी ड्यूटीवर सव्वादोन येतात. सकाळी जास्त लागतात, म्हणून रात्री त्याहून कमी. एका सिस्टरमागे सतरा-अठरा पेशंट. पेनसिल्व्हेनियाच्या त्या अभ्यासाचा तक्ता आठला संपतो. आणि हा भागाकार खाटांचा झाला. दोन खाटांच्या मधल्या जागेत गादी टाकून झोपवलेले पेशंट त्यात धरलेले नाहीत.