देवी, कांजिण्या आणि पेशीकेंद्रकाचं दार

दादरहून माहीमकडे जाताना शीतलादेवीचं देऊळ लागतं. अंगावर फोड उठले की ‘देवी आल्या’ म्हणायचं आणि कांजिण्यांना तिची धाकटी बहीण समजायचं, ही जुनी रीत. विषाणूंच्या जगात मात्र ही घराणी निराळी आहेत. दोघांची जनुकं डीएनएचीच. पण एक पेशीकेंद्रकात जातो, दुसरा तिकडे फिरकतही नाही.

डीएनए विषाणू म्हणजे केंद्रकात शिरणारच, हा गैरसमज शिकलेल्यांचा. डीएनएच्या प्रती काढणारी पेशीची यंत्रणा केंद्रकात असते, म्हणून बहुतेकांना तिथवर जावं लागतं. देवीचा विषाणू पहिल्या कामापुरती विकरं बरोबर आणतो, उरलेली स्वतःच्या जनुकांवरून बनवून घेतो आणि बाहेरच्या पेशीद्रवातच सगळं उरकतो. बरा झालेल्या माणसात तो दडूनही राहत नाही. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली, ती भारतातली पहिली. १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं. त्यात लसीचा वाटा मोठा, पण या विषाणूला माणसाबाहेर थारा नव्हता आणि माणसात लपायला जागा नव्हती, हेही पथ्यावर पडलं.

कांजिण्यांचं तसं नाही. फोड सुकले तरी विषाणूचा डीएनए पाठीच्या कण्याजवळच्या चेतापेशींच्या केंद्रकांत वर्षानुवर्षं पडून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन उठतो. नागिणीचा विळखा पुरा झाला, तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो, अशी भीती घरोघरी ऐकू येते. वस्तुस्थिती अशी, की पुरळ एका चेतेच्या पट्ट्यात, शरीराच्या एकाच बाजूला उठतं; मध्यरेषा सहसा ओलांडत नाही. क्वचित ओलांडली, तरी विळखा पुरा झाला म्हणून कुणी मरत नाही.

आता दाराची गोष्ट. विषाणू केंद्रकाचं आवरण फोडून आत घुसतो, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. कांजिण्यांच्या नात्यातल्या, ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पिस विषाणूचं कवच सुमारे १२५ नॅनोमीटर रुंद आणि केंद्रकाच्या आवरणातली छिद्रं त्याच्या निम्म्याहून कमी. गिरगावातल्या एखाद्या वाडीत टेम्पो शिरत नाही. तो तोंडाशी उभा राहतो आणि सामान तेवढं आत जातं. इथेही तेच. पेशीतल्या सूक्ष्मनलिकांवरून डायनिन हे प्रथिन कवचाला छिद्रापर्यंत ओढून नेतं. कवचात डीएनए इतका ठासून भरलेला असतो, की दाब सुमारे २० वातावरणांएवढा असतो. झाकण उघडलं की तो छिद्रातून आत सुटतो. रिकामं कवच बाहेरच राहतं.

केंद्रकात शिरला म्हणजे आपल्या गुणसूत्रांत मिसळला, हाही गैरसमज. कोविशिल्डमधल्या अ‍ॅडिनोविषाणूमुळे ‘आपला डीएनए बदलतो’ अशी धास्ती याच समजातून आली. तो डीएनए केंद्रकात पोचतो खरा, पण गुणसूत्रांत जोडला जाण्याची यंत्रणा त्याच्याकडे नाही आणि लसीतला विषाणू स्वतःच्या प्रतीही काढू शकत नाही.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा एचपीव्ही छिद्राच्या वाटेला जातच नाही. पेशी दुभंगताना केंद्रकाचं आवरण विरघळतं. तेवढ्या वेळाची तो वाट पाहतो. म्हणून त्याला सतत विभागणाऱ्या तळच्या पेशी लागतात आणि तिथवर तो बारीकशा जखमेतून पोचतो. अर्थात संसर्ग म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप जातात; वर्षानुवर्षं टिकणारे थोडेच घातक ठरतात.

एचपीव्हीच्या लसीत विषाणूचा डीएनए नसतोच, फक्त कवचाचं प्रथिन असतं. ती विषाणूला पेशीबाहेर अडवते; आत बसलेल्याला काढू शकत नाही. म्हणून ती मुलींना ९ ते १४ या वयात द्यायला सांगतात. ते वय उलटलेल्यांसाठी तपासणी आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरच, लावून पांढरे पडणारे डाग पाहत. तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.