खाऱ्या हवेतल्या तारा

मुंबईचं ससून डॉक 1875 सालचं. तिथल्या मच्छीमार ट्रॉलरच्या केबिनमध्ये आज होकायंत्राशेजारी जीपीएस, फिशफाइंडर, व्हीएचएफ अशी यंत्रं दिसतात. दुकानातून ती आणणं पैशाचं काम. एकमेकांशी बोलती करणं वायरमनचं.

यंत्रांच्या या बोलण्याची जुनी पद्धत म्हणजे एनएमईए 0183. एक यंत्र बोलतं, बाकीची ऐकतात. वेग सेकंदाला 4,800 बिट, जहाजांची ओळख सांगणाऱ्या एआयएससाठी मात्र 38,400. दोन्हीकडे वेग जुळवला नाही, तर जोडणी बिनचूक असूनही पडद्यावर काही उमटत नाही.

नव्या पद्धतीत, एनएमईए 2000 मध्ये, एकच मुख्य केबल असते आणि तिला प्रत्येक यंत्राचा छोटा फाटा. केबलच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा रेझिस्टर हवाच. तपासायची युक्ती झकास आहे: वीज बंद करून दोन डेटा तारांवर मल्टिमीटर लावायचा. 60 ओहमच्या आसपास आकडा आला तर दोन्ही जागेवर. 120 आला तर एक गायब.

मग उरतं मीठ. उघडं तांबं हिरवं पडतं, म्हणून कथिलाचा मुलामा दिलेली तार घ्यावी. होकायंत्राजवळून जाणाऱ्या अधिक-उणे तारा एकमेकींत पिळतात. त्यांची चुंबकीय क्षेत्रं परस्परांना बरीचशी रद्द करतात आणि सुई भरकटत नाही.