‘१.०२०’ म्हणजे नक्की किती?

तुमच्यासमोर एक फाइल आहे आणि तिच्यात ‘१.०२०’ असं लिहिलंय. ही संख्या किती? पुण्यात शिकलेला माणूस म्हणेल, एकापेक्षा किंचित जास्त. जर्मनीत शिकलेला म्हणेल, एक हजार वीस. दोघंही बरोबर आहेत, कारण जर्मनीत हजारानंतर टिंब देतात आणि अपूर्णांकासाठी स्वल्पविराम.

जर्मनीत आल्यावर हे मला माहीत होतं. तरीही फसलो. आम्ही औषधाचा डोस वाढवत पेशी मोजत होतो. यंत्राच्या फाइलमध्ये आकडे होते: ६४०, ८१०, ९७५, १.०२०, १.३४०. माझ्या पायथन स्क्रिप्टने ते ‘फ्लोट’ वापरून वाचले. पहिले तीन तसेच राहिले, शेवटचे दोन झाले १.०२ आणि १.३४. आलेखात दिसलं की डोस वाढला तशा पेशी वाढल्या आणि मग अचानक मेल्या! ‘जास्त डोस विषारी असणार’ यावर आमची दोन दिवस चर्चा झाली. शेवटी एका सहकाऱ्याने त्या प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. पेशींनी खच्चून भरलेल्या होत्या.

संगणक संख्या कशी वाचतो?

संगणकासाठी फाइलमधलं ‘१०२०’ ही संख्या नसते, ती चार चिन्हं असतात. त्यांची संख्या करायची रीत सोपी आहे: डावीकडून एकेक अंक घ्या, आधीच्या उत्तराला दहाने गुणा आणि नवा अंक मिळवा. १, मग १०, मग १०२, मग १०२०. अडचण येते ती अंक नसलेलं चिन्ह मध्ये आलं की.

अशा वेळी प्रत्येक भाषा वेगळी वागते. ‘१,२५,०००’ हा मजकूर पायथनच्या ‘इंट’ला दिला, तर ते ‘व्हॅल्यू एरर’ देऊन थांबतं. जावास्क्रिप्टचं ‘पार्सइंट’ मात्र स्वल्पविरामापर्यंत वाचतं आणि १ हे उत्तर देतं. सव्वा लाखाचा एक रुपया झाला, आणि तक्रार काहीच नाही!

(हे आकडे मी इथे मराठी अंकांत लिहिलेत, फाइलमध्ये ते इंग्रजी अंकांत असतात. पण गंमत म्हणजे पायथनच्या ‘इंट’ला देवनागरी ‘१२३’ दिलं तरी ते बरोबर वाचतं. जावास्क्रिप्टला ते जमत नाही.)

‘अंक सोडून सगळं पुसा’?

हा उपाय बरेच जण करतात. पण त्याने ‘१२.५०’चे १२५० होतात, ‘-५’चे ५ होतात. हिशेबाच्या तक्त्यात ‘(१,२००)’ असं कंसात लिहिलेलं असेल, तर ती बहुधा उणे रक्कम असते. ती अधिक होऊन बसते.

मग काय करायचं? मी आता असं करतो:

१. स्तंभ आधी मजकूर म्हणूनच वाचतो. संख्या करायची घाई नाही.

२. त्यात अंकांखेरीज कोणकोणती चिन्हं आहेत, त्यांची यादी छापतो. इथे छुपे पाहुणे सापडतात. काही फाइलींत हजारानंतर साध्या स्पेससारखी दिसणारी पण वेगळ्या कोडची ‘न तुटणारी’ स्पेस असते. साधी स्पेस काढून टाकली तरी ती जागेवरच राहते.

३. टिंब म्हणजे काय आणि स्वल्पविराम म्हणजे काय, हे फाइल कुठून आली त्यावरून ठरवतो. एकट्या ‘१.०२०’कडे कितीही वेळ पाहिलं तरी त्याचं उत्तर मिळत नाही, कारण ती माहिती त्या मजकुरात नसतेच.

४. फक्त हजाराचं चिन्ह काढतो. पांडाज वापरत असाल तर फाइल वाचतानाच ‘थाउजंड्स’ आणि ‘डेसिमल’ ही दोन्ही चिन्हं सांगता येतात.

५. मोजदाद पूर्णांकांत असेल तर ‘इंट’च वापरतो, ‘फ्लोट’ नाही. मी त्या दिवशी ‘इंट’ वापरलं असतं, तर ‘१.०२०’वर स्क्रिप्ट तिथेच थांबली असती आणि आमचे दोन दिवस वाचले असते.

या गोंधळावर आंतरराष्ट्रीय तोडगाही आहे. वजन-मापांच्या सर्वसाधारण परिषदेने २००३ साली ठरवलं की दशांशासाठी टिंब किंवा स्वल्पविराम, काहीही चालेल. मोठ्या संख्येत तीन-तीन अंकांचे गट करायचे असतील, तर मध्ये फक्त मोकळी जागा ठेवावी. पण तुमच्या-माझ्या फाइली बनवणारी यंत्रं नेहमी हे पाळतातच असं नाही.

स्क्रिप्ट एरर देऊन थांबली की आपण वैतागतो. पण थांबलेली स्क्रिप्ट निदान काहीतरी बिघडलंय हे सांगते. चुकीची संख्या गुपचूप पुढे जाते, तिचा आलेख होतो, आणि आपण हुशार माणसं त्या आलेखाला शोभेल अशी गोष्टही रचतो. म्हणून पुढच्या वेळी आलेखात काही थरारक दिसलं, तर आधी मूळ फाइल उघडून पाहा. आणि जमलं तर प्लेटसुद्धा.