टाचलेलं पान

नोव्हेंबर सरत आला की तुरीचं रान पिवळं होतं. अशा फुललेल्या रानात मध्येच एखादं झाड हिरवंगार, झुडपासारखं दाट फुटलेलं दिसतं. पानं बारीक, त्यांवर गडद-फिकट हिरव्या ठिपक्यांची नक्षी, आणि फूल एकही नाही. शेजारची झाडं शेंगांनी लगडून पुढे वाळायला लागतात, हे मात्र नुसता पाला वाढवत राहतं. शेतकरी त्याला वांझ तूर म्हणतो. हा शब्द मला सहज उच्चारता येत नाही. फळ न धरणाऱ्याच्याच माथी दोष मारायची आपली जुनी खोड त्या नावात उतरली आहे. या झाडाच्या बाबतीत खरा दोषी कोण, हे कळायला जवळजवळ ७० वर्षं लागली.

पहिली नोंद १९३१ची, बिहारमधल्या पुसाची. १९५२मध्ये एस. पी. कपूर यांनी मुंबई राज्यातल्या तुरीवरची आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली. रोगट झाडाचं कलम निरोगी झाडावर बांधलं की तेही फुलायचं थांबतं, म्हणजे हा संसर्ग होता. संशय विषाणूवर गेला. मग १९६२मध्ये एम. एल. सेठ यांनी वाहक पकडला. पानाच्या पाठीवर राहणारा एक कोळी, असेरिया कजानी. लांबी मिलिमीटरचा जेमतेम पाचवा भाग, पाय फक्त चार, पंख नाहीत. वारा नेईल तिकडे जायचं आणि पडेल त्या तुरीवर संसार मांडायचा.

वाहक सापडला, पण तो काय वाहतो ते दिसेना. रोगट पानांचा रस चोळून रोग लावायचा, तो रस गाळून, फिरवून विषाणू वेगळा काढायचा आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, ही ठरलेली वाट इथे पुन:पुन्हा बंद होत होती. इकडे शेतं रिकामी पडत होती. १९८४च्या एका अंदाजानुसार देशात वर्षाला २ लाख ५ हजार टन तूर या रोगापायी बुडत होती. कोवळ्या वयात लागण झाली तर झाडाकडून काहीच मिळत नाही.

हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२मध्ये इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था उभी राहिली. तिथे तुरीच्या रोगांवर काम करायला यशवंत लक्ष्मण नेने आले. पंतनगरला असताना त्यांनी भातावरच्या ‘खैरा’ रोगाचा उलगडा केला होता: तिथे जंतू कोणताच नव्हता, जमिनीत जस्त कमी होतं. कारण शोधण्यात हातखंडा असलेल्या या माणसाने तुरीपुढे मात्र वेगळा निर्णय घेतला. शत्रू दिसेपर्यंत थांबायचं नाही, त्याच्यापुढे टिकणारं झाड आधी शोधायचं.

त्यासाठी हजारो वाणांना खात्रीने रोग लावता यायला हवा होता. कोळी वाऱ्यावर सोडून भागणार नव्हतं. १९७६मध्ये नेने आणि एम. व्ही. रेड्डी यांनी युक्ती मांडली. रोप दोन पानांवर आलं की कोळी असलेलं रोगट पान त्याच्या पानावर दुमडून ठेवायचं आणि स्टेपलरने टाचायचं. टाचलेलं पान सुकत जातं, तसे कोळी ओलं पान शोधत खालच्या कोवळ्या पानावर उतरतात. काही आठवड्यांत रोप निकाल सांगतं. कचेरीतल्या टेबलावरचं साधं यंत्र, पण तुरीच्या पैदाशीचं पुढचं बरंचसं काम त्याच्या टाचणीवर उभं आहे.

या कामाची निकड ‘मारुती’ या वाणाने दाखवून दिली. आयसीपी ८८६३ हा वाण मर रोगाला दाद देत नव्हता म्हणून लोकप्रिय झाला, पण वांझ रोगापुढे तो इतका हमखास आडवा होई, की पुढे चाचण्यांत रोग नीट लागला की नाही हे पाहायला त्याचीच ओळ पेरली जाऊ लागली. दोन्ही रोगांना तोंड देणारा ‘आशा’, म्हणजे आयसीपीएल ८७११९, १९९३मध्ये आला. जालना जिल्ह्यातल्या बदनापूर केंद्राचा बीएसएमआर ७३६ मराठवाड्यात घरोघरी माहीत आहे. त्या इंग्रजी आद्याक्षरांत बदनापूर आणि वांझ रोगाचा प्रतिकार हे दोन्ही दडलेलं आहे.

पण एक कोडं उरलं होतं. पाटणचेरूला ताठ उभी राहणारी कित्येक झाडं बेंगळुरूच्या शेतात वांझ होत. रोग तोच, की दुसरा? गुन्हेगाराचा चेहरा पाहिल्याशिवाय उत्तर नव्हतं.

१९९०च्या दशकात पी. लव कुमार यांनी हे काम हाती घेतलं. सोबत इक्रिसॅटचे विषाणुतज्ज्ञ डी. व्ही. आर. रेड्डी आणि स्कॉटलंडमधल्या डंडीजवळच्या संस्थेतले ए. टी. जोन्स होते. विषाणू शुद्ध करण्याची पद्धत त्यांनी या रोगासाठी नव्याने बसवली. रोगट पानांतून ३२ किलोडाल्टन वजनाचं एक प्रथिन हाती आलं. निरोगी पानांत ते नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली अखेर धागे दिसले: ३ ते १० नॅनोमीटर जाडीचे, अतिशय लवचीक, नजरेतून सहज निसटावेत असे. सोबत आरएनएचे पाच ते सात तुकडे. २०००मध्ये या यशाची बातमी छापून आली, सविस्तर पुरावा २००३मध्ये. ज्ञात विषाणूंपैकी कोणाशीच याचा नीट मेळ बसत नव्हता. इतकी वर्षं तो का सापडला नाही, याचं उत्तर मला इथेच दिसतं. लोक ओळखीचा चेहरा शोधत होते.

प्रथिन हाती आल्यामुळे एलायझा चाचणी करता आली, आणि कोळ्याचा हिशोब मांडता आला. एकटा कोळीसुद्धा निम्म्याच्या आसपास वेळा रोग लावू शकतो, पाचाहून जास्त असतील तर रोप सुटत नाही. बेंगळुरूचं कोडंही उकललं: तिथला विषाणूचा प्रकार पाटणचेरूच्या प्रकारापेक्षा जहाल होता.

घराणं कळायला आणखी दशक गेलं. २०१४मध्ये इटलीतल्या बारीच्या प्रयोगशाळेने इक्रिसॅटच्या साथीने त्याचा जनुकीय मजकूर वाचला. याच प्रयोगशाळेने आधी अंजिराच्या मोझॅक विषाणूचा मजकूर वाचला होता. तुरीचा विषाणू त्याचाच भाऊबंद निघाला. दोघांनाही कोळीच वाहून नेतात. पुढच्याच वर्षी रोगट तुरीत दुसरा विषाणूही सापडला. म्हणजे वाण तयार करणाऱ्याला आता दोघांना तोंड देणारं झाड हवं.

तुरीचा स्वतःचा मजकूर त्याआधीच, २०११च्या नोव्हेंबरमध्ये, राजीव वार्ष्णेय यांच्या नेतृत्वाखाली प्रसिद्ध झाला होता: ४८,६८० जनुकं. त्यासाठी निवडलेला वाण ‘आशा’च होता. कोणता वाण का टिकतो, हे आता डीएनएच्या खुणांवरून शोधता येतं. पण खूण खरी की खोटी, ते शेवटी रोपालाच विचारावं लागतं. त्यासाठी कोणीतरी वाफ्याशी वाकतं, दोन पानांवर आलेलं रोप धरतं, रोगट पान दुमडतं आणि टाचतं.