जामिनाचा पैसा

राहुरीत इस्रायलचं नाव निघतं ते ठिबकवरून, नाहीतर कृषी विद्यापीठातल्या भारत-इस्रायल डाळिंब केंद्रावरून. तो देश नकाशावर येण्याच्या कितीतरी आधी मुंबईत त्याच्यासाठी वर्गणी मागितली जात होती.

सुरुवातीला फार कुणी हात सैल सोडला नाही. १८९७ साली, ज्यूंना पॅलेस्टाइनमध्ये मायभूमी मिळावी म्हणून भरलेल्या बाझलच्या पहिल्या झायोनिस्ट परिषदेचं आमंत्रण इथल्या बेने इस्रायली ज्यूंनी नाकारलं. मायभूमीत परत नेणारा देव. त्यात माणसांच्या सभा-ठरावांचं काय काम? शिवाय शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातल्या या 'शनवार तेल्यां'कडे पैसा तरी कुठे होता! तो होता ससूनसारख्या बगदादी घराण्यांकडे. १९२० मध्ये लंडनला त्या मायभूमीसाठी 'केरेन हायेसोद' हा निधी निघाला. पुढच्याच वर्षी झायोनिस्ट संघटनेचे दूत इस्रायल कोहेन मुंबईला येऊन गेले.

मग जर्मनीत हिटलर आला. १९३४ मध्ये मुंबईत 'ज्युइश रिलीफ असोसिएशन' उभी राहिली. आता गोदीत उतरलेल्या ज्यू निर्वासिताच्या दोन वेळच्या जेवणाचं बघायचं, की पॅलेस्टाइनमधल्या जमिनीचं? इंग्रज सरकारला हमी हवी होती, की हा माणूस आमच्यावर भार होणार नाही. ती हमी असोसिएशन देई.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटलं आणि इंग्रजांनी जर्मन पुरुषांची धरपकड केली. नाझी आणि नाझींपासून जीव वाचवून पळालेला ज्यू, दोघेही 'शत्रुराष्ट्राचे नागरिक'! रवानगी अहमदनगरच्या छावणीत, राहुरीपासून तासाभराच्या वाटेवर. पुढे तिबेटवरच्या पुस्तकाने गाजलेला गिर्यारोहक हाइनरिश हाररही तिथेच होता. कोण खरा शत्रू हे ठरवायला सर माल्कम डार्लिंग यांची समिती बसली. हे डार्लिंग पंजाबात सहकार खात्याचे निबंधक होते, तिथल्या शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावर त्यांनी पुस्तक लिहिलंय. आमच्या सहकारी साखर कारखान्यांच्या पट्ट्यात खरं तर त्यांची ओळख त्यासाठी असायला हवी. असोसिएशनने रदबदली केली आणि बरेच ज्यू सुटले. मायभूमीच्या नावाने गोळा झालेल्या मोठ्या रकमांपेक्षा मला ही जामिनकी मोलाची वाटते.

१९४८ मध्ये इस्रायल झाल्यावर, एकेकाळी आमंत्रण नाकारणारे बेने इस्रायलीच हजारोंनी तिकडे गेले. तिथल्या धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी त्यांच्या ज्यूपणाबद्दलच शंका काढली. जेरुसलेममध्ये निदर्शनं झाली, आणि १९६४ साली इस्रायलच्या संसदेला सांगावं लागलं, की हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत.